वाचता वाचता लिहिते झालेले गोमंतकीय: पुस्तकातली मराठी आणि आपला आवाज

खाजनकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी,

गोव्यातल्या मराठी वाचकाची एक गंमत आहे. त्याच्या घरात बहुधा कोकणी बोलली जाते आणि मराठी त्याला भेटते ती कागदावर: श्रावणात आजोबा वाचत त्या पोथीत, १९६१ साली गोवा मुक्त झाल्यावर गावोगाव उघडलेल्या सरकारी मराठी शाळेच्या क्रमिक पुस्तकात, सकाळच्या वर्तमानपत्रात. पुण्या-साताऱ्याचा मुलगा लाड, भांडणे आणि शिव्या मराठीतून ऐकत मोठा होतो आणि मग वाचू लागतो. आमचा क्रम उलटा. म्हणून आमच्यापैकी ज्यांना वाचनाची गोडी लागली त्यांची मराठी नेटकी असते, व्याकरणाला धरून असते, पण लिहिणारा कुठला ते तिच्यावरून कळत नाही.

जालावर लिहू लागल्यावर हे पहिल्यांदा उघड होते. वाचनवेडा माणूस लिहिण्याकडे वळतो तो बहुधा एकाच वाटेने. पुस्तक संपते, त्याविषयी कोणाशी तरी बोलावेसे वाटते, गावात त्या पुस्तकाचा दुसरा वाचक सापडत नाही, म्हणून तो जे वाटले ते लिहून टाकतो आणि कोठल्या तरी दूरच्या गावातून कोणी त्याला उत्तर देते. माझेही असेच झाले. पुस्तकांवर लिहिता लिहिता धीर चेपला आणि मी कथा लिहायला घेतल्या. माझी पात्रे वाड्यात राहत, चाळीच्या गॅलरीत भांडत आणि पहाटे अंगावर शाल ओढून घेत. गोव्यातल्या आमच्या सासष्टी तालुक्यात शाल ओढण्याइतकी थंडी कधी पडते, असा प्रश्न मला कोणी विचारला नाही आणि मलाही पडला नाही. त्याबद्दल मला खंत नाही. गाणे शिकणारा आधी गुरूच्याच गळ्याने गातो.

मग एका पावसाळ्यात आमच्या गावच्या खाजनाचा बांध फुटला आणि नदीचे खारे पाणी भातात शिरले. मी त्यावर लिहायला बसलो. ज्याने खाजन पाहिलेले नाही अशा वाचकाला पहिल्यापासून सांगायचे होते: नदीच्या भरतीच्या पातळीपेक्षा सखल असलेली ही जमीन मातीच्या बांधांनी कशी राखलेली असते, मानशीची, म्हणजे बांधातल्या पाणदाराची, लाकडी दारे भरतीच्या पाण्याच्या रेट्याने आपोआप कशी मिटतात आणि ओहोटी लागली की आतल्या पाण्याच्या दाबाने कशी उघडतात, आणि तिच्या तोंडाशी जाळे लावून मासे धरण्याचा हक्क लिलावात का जातो. हे लिहिताना मला कोणाची वाक्ये आठवली नाहीत, कारण मी वाचलेल्या पुस्तकांत हे कुठेच नव्हते. लिहून झाल्यावर वाचले तेव्हा ते मला माझे वाटले.

माझे म्हणणे एवढेच आहे. वाचनाने भाषा मिळते, पण जे आपल्याला ठाऊक आहे आणि वाचलेल्या पुस्तकांत नाही असे काही सांगायची पाळी येईपर्यंत आवाज फुटत नाही. आपला अनुभव काय आहे? कोकणी की मराठी हा वाद कृपया इथे नको. त्याला जागा पुष्कळ आहेत.

विंगेतली

खाजनकाठ, आपले म्हणणे अर्धे पटले. मराठी आम्हाला कागदावर भेटते हे सासष्टीपुरते खरे असेल, अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याच्या बाजूला, नाही. आमच्याकडे देवळागणिक जत्रा आणि जत्रेगणिक नाटक. दिवसभर गॅरेजमध्ये, बँकेत नाहीतर कुळागरात, म्हणजे पोफळीच्या बागेत, राबलेली माणसे रात्री देवळाच्या सभामंडपात तालमीला जमतात आणि पोफळी उतरवणारा माणूस औरंगजेबाची पल्लेदार भाषणे म्हणतो. मराठी आम्ही आधी कानाने घेतली, तीही मोठ्या आवाजात.

आमच्या वाड्यावरच्या नाटकांना मी बरीच वर्षे प्रॉम्प्टर होते. प्रॉम्प्टरचे वाचन निराळे असते. विंगेत मिणमिणत्या दिव्याखाली वही धरून उभे राहायचे, डोळे ओळीवर, कान रंगमंचावर. वाक्य लवकर दिले तर पहिल्या रांगेला ऐकू जाते, उशिरा दिले तर नट विंगेकडे मान वळवतो आणि सगळे हसतात. काही दिवसांनी माझ्या ध्यानात आले की निरनिराळे नट त्याच त्या वाक्यांवर अडतात. त्या वाक्यांत विशेषणे एकावर एक रचलेली असत, किंवा कर्ता आणि क्रियापद यांच्यात इतके अंतर असे की मध्येच दम संपे. पाठांतर कच्चे नसे, वाक्यच कच्चे असे. नाटककार नावाजलेला असला तरी.

आता मी जालावर जुन्या उत्सवी नाटकांविषयी लिहिते. प्रत्येक परिच्छेद आधी मोठ्याने वाचते आणि जिथे अडखळते तिथे वाक्य मोडते. आपण विषयाला श्रेय देता, मी कानाला देते. खाजनावरचा आपला तो लेख मी वाचला आहे. तो चांगला आहे कारण आपण तो बांधावर उभे राहून पाहुण्याला सांगावा तसा सांगितला आहे. विषय तोच ठेवून एखाद्याने तो सरकारी अहवालासारखाही लिहिला असता.

जुना ग्रंथपाल

दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. मी थोडे मागचे सांगतो.

पणजीचे मध्यवर्ती ग्रंथालय १८३२ सालचे. आज ते पाटो येथील इमारतीत आहे आणि त्याला केळोशीच्या कृष्णदास शामा यांचे नाव आहे, ज्यांनी सोळाव्या शतकात मराठीत कृष्णकथा रचली. परंतु पोर्तुगीज अमदानीत खेड्यातला मराठी वाचक तिथे क्वचितच पोहोचे. त्याची भिस्त गावातल्या लहान वाचनालयांवर होती. १९१० साली पोर्तुगालमध्ये राजेशाही जाऊन प्रजासत्ताक आले, हिंदूंवरचे निर्बंध सैल झाले आणि त्यानंतरच्या काळात मराठी शाळा व वाचनालये जोमाने निघाली. पुढे सालाझारची हुकूमशाही आली आणि छापील मजकुराला सेन्सॉर आडवा आला. लग्नाची निमंत्रणपत्रिकासुद्धा तपासून घेतल्याशिवाय छापता येत नसे. आमच्या वडिलांच्या पिढीतली माणसे पुस्तके मुंबईहून मागवून वाचत. त्यांना म्हणायचे पुष्कळ होते, पण म्हणायला जागा नव्हती. या धाग्याच्या विषयाकडे पाहताना हे विसरून चालणार नाही, कारण वाचनाची आवड आणि आवाज यांच्यामध्ये छपाईचे दार होते आणि त्याची किल्ली दुसऱ्याच्या हाती होती. मुक्तीनंतर मराठी दैनिके निघाली तेव्हा वाचकांच्या पत्रव्यवहारावर लोक कसे तुटून पडले असतील याची कल्पना करा.

दुसरी गोष्ट माझ्या नोकरीतली. मी एका तालुक्याच्या ग्रंथालयात होतो. पुस्तक परत आले की पाने चाळून पाहणे हे आमचे काम, आणि समासात पेन्सिलीने लिहिलेले शेरे खोडणे हेही. कादंबरीच्या एकाच पानावर तीन हस्ताक्षरे मी पाहिली आहेत. एकाने लिहिले होते, "हे अशक्य आहे." त्याखाली दुसऱ्याने, "आमच्या शेजारी घडले आहे." आणि तिरक्या, बारीक अक्षरात तिसऱ्याने किंवा तिसरीने, "म्हणून काय लिहायचे?" हे तिघे एकमेकांना कधी भेटले नसावेत. नियमाप्रमाणे मी रबर फिरवले, पण आधी वाचून काढले. आज जालावर वाचकांचे वाद पाहतो तेव्हा मला त्यात नवे फारसे काही दिसत नाही. फरक इतकाच की आता रबर घेऊन कोणी बसलेला नाही. ते चांगले की वाईट याविषयी माझे मत दर आठवड्याला बदलते.

मस्कतवासी

इतके गोड चित्र मला दिसत नाही, क्षमस्व. जो वाचतो तो लिहितो असे म्हणण्यापेक्षा जो वाचतो तो लिहायला कचरतो असे म्हणणे अधिक खरे ठरेल. चांगले काय असते हे कळल्यावर आपले लिखाण समोर ठेवायचा संकोच वाटतो. उलट ज्याने काही वाचलेले नाही तो निःशंक असतो आणि रोज सकाळी दोन परिच्छेद पाठवून मोकळा होतो.

शिवाय जालाला स्वतःची एक ओढ आहे. मी आखातात राहून गावच्या आठवणी लिहितो. काजूच्या हंगामावर, हुर्राकावर म्हणजे काजूच्या दारूवर, पावसाआधी साठवायच्या जिनसांवर म्हणजे पुरुमेंतावर लिहिले की लोक डोक्यावर घेतात. पंचायतीच्या जमिनीच्या व्यवहारावर लिहिले की शुकशुकाट. वर्षभरात माझ्या लक्षात आले की मी नकळत तीच ती आठवण पुन्हा पुन्हा भाजून वाढत आहे. वाचकांनी टाळ्या दिल्या त्या सुरात गात राहिले तर तो आवाज आपला म्हणायचा की त्यांचा? त्यातच एक लेख माझे नाव कापून सगळ्या गोंयभर फिरला आणि शेवटी माझ्याच मावशीने तो मला "वाच, किती छान लिहिले आहे" म्हणून पाठवला. मावशीला मी काही बोललो नाही.

खाजनकाठ

मस्कतवासी, मावशीचा अभिप्राय प्रामाणिक होता, एवढे समाधान माना. टाळ्यांविषयी आपण म्हणता ते मात्र गंभीर आहे आणि मी त्याला उत्तर देऊ शकतो ते माझ्यापुरतेच.

खाजनावरच्या लेखाखाली कौतुक बरेच आले, आणि ते मी विसरूनही गेलो. मात्र एका वाचकाने विचारलेला प्रश्न राहिला. तो सिंधुदुर्गातला होता, खाडीकाठचा. त्याने विचारले, तुमच्याकडे बांध दुरुस्त करायचा कोणी आणि पैसा कोणाचा? मला सांगता येईना. मग मी वाचायला बसलो आणि हे वाचन आधीच्या वाचनाहून वेगळे होते. आजवर जे हाती लागेल ते वाचत होतो, आता एका प्रश्नाचा माग काढत वाचत होतो. पूर्वी गावकरी म्हणजे कोमुनिदाद, गावच्या सामाईक जमिनीची संस्था, बांधांची निगा राखत असे, १९६४ च्या कूळ कायद्यानंतर ते काम हळूहळू कुळांच्या संघांकडे गेले, आणि जिथे संघ झोपला तिथे बांधही झोपला. पुस्तके पुरेनात म्हणून मानस सांभाळणाऱ्या म्हाताऱ्याकडे गेलो. त्याने मला बांधातली खेकड्यांची बिळे दाखवली. वरून बोटभर दिसणारे बीळ आत हातभर जाते, त्यातून पाणी झिरपू लागते आणि उधाणाच्या भरतीला तिथेच खांड पडते. तो रोज सकाळी बांधावरून चालत जाई आणि बीळ दिसले की चिखलाचा गोळा टाचेने आत दाबी. हे त्याने मला कोकणीत सांगितले आणि मी ते मराठीत लिहिले. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी ती वाक्ये घडली. विंगेतली ताई, त्यात आपला कानही आला, हे मान्य.

म्हणून मला वाटते की टाळ्यांपेक्षा प्रश्नांकडे पाहावे. आपण कोठे कमी सांगितले हे शंका विचारणारा वाचक दाखवतो आणि आपल्याला पुन्हा पुस्तकांकडे पिटाळतो. जमिनीच्या व्यवहारावरच्या आपल्या लेखाखाली शुकशुकाट होता म्हणता, पण तिथे एकही प्रश्न नव्हता का?

मस्कतवासी

होता. एका बाईंनी विचारले होते की एक-चौदाच्या उताऱ्यावर, म्हणजे जमिनीच्या नोंदीच्या कागदावर, कुळाचे नाव कुठल्या रकान्यात पाहायचे. मी उत्तर दिले नाही, कारण तो मला लेखाबाहेरचा प्रश्न वाटला होता. शोधून आज उत्तर देतो.

माशेलचा पोर

मी महाविद्यालयात शिकतो. वरच्या सगळ्यांपेक्षा लहान आहे, म्हणून चूकभूल द्यावीघ्यावी. माझे बहुतेक वाचन फोनवर होते आणि लिहिणेही फोनवरच. माझे तीन प्रश्न आहेत. पहिला, पुस्तकावर लिहिताना त्यातला मजकूर किती उतरवला तर चालतो? दुसरा, 'दुसऱ्या', 'साऱ्या' असे शब्द लिहिताना माझ्या फोनवर कधी कधी 'दुसर्या' असे उमटते आणि लोक हसतात. ते नीट कसे आणायचे? तिसरा प्रश्न म्हणजे आमच्या गावच्या चिखलकाल्यावर, म्हणजे चिखलात खेळायच्या उत्सवावर, मी लिहायला घेतले आहे, त्याची सुरुवात खाली देतो. ती कशी आहे ते परखडपणे सांगावे.

"भारत हा सणांचा आणि उत्सवांचा देश आहे. विविधतेने नटलेल्या आपल्या गोमंतभूमीतही अनेक सण मोठ्या उत्साहाने साजरे केले जातात. आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात पाय ठेवला की चिखल घोट्याच्या वर येतो. आत देवळात भजन संपत आलेले असते आणि अंगाला तेल चोपडलेली पोरे दाराशी उभी राहून कधी एकदा धाव घेतो असे करीत असतात."

जुना ग्रंथपाल

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी देतो. आपल्याकडे १९५७ चा कॉपीराइट कायदा आहे आणि त्याच्या कलम ५२ मध्ये समीक्षा किंवा परीक्षणासाठी उचित मर्यादेत मजकूर उद्धृत करण्याची मुभा आहे. किती शब्द, असा आकडा कायद्यात नाही. आपले म्हणणे स्पष्ट करायला लागेल तेवढे घ्यावे, लेखकाचे आणि पुस्तकाचे नाव द्यावे आणि उताऱ्यापेक्षा आपले लिखाण जास्त असावे, असे धरून चालावे. लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या पुस्तकावरील हक्क त्याच्या निधनानंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षे राहतो. म्हणजे १९६० साली वारलेल्या लेखकाची अशी पुस्तके १ जानेवारी २०२१ पासून मोकळी झाली. अनुवाद असेल तर अनुवादकाचा हक्क स्वतंत्रपणे मोजायचा, हे पुष्कळांच्या लक्षात राहत नाही. आख्खी कविता उतरवून खाली "अप्रतिम" लिहिणे याला समीक्षा म्हणत नाहीत.

मस्कतवासी

दुसऱ्या प्रश्नाचे मी सांगतो, माझा जन्म छपाईच्या धंद्यात गेला. 'र' न घेता खाली नुक्ता असलेला 'ऱ' घ्यावा, मग हलन्त, मग 'य'. बहुतेक फोनच्या कळफलकावर 'र' दाबून धरला की 'ऱ' सापडतो. तुम्हाला एवढ्यावर भागते हे भाग्य समजा. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे खरी, पण आमच्या छापखान्यातले फाँट त्यानंतरही कित्येक वर्षे आपापल्या निराळ्या सांकेतिकतेवर चालत. त्यात जुळवलेला लेख जालावर चिकटवला की अगम्य रोमन अक्षरांचा ढीग उमटे. गोव्यातले कितीतरी चांगले लेखन अजून तशा फायलींत अडकून पडले आहे.

विंगेतली

माशेलच्या पोरा, परखड सांग म्हणालास म्हणून सांगते. पहिली दोन वाक्ये काढून टाक. ती तुझी नाहीत, शाळेतल्या निबंधाच्या वहीतली आहेत आणि आम्ही सगळ्यांनी ती लिहिलेली आहेत. तिसऱ्या वाक्यापासून सुरुवात कर. "घोट्याच्या वर" हे छान आहे, कारण ते ज्याने पाय घातला त्यालाच सुचेल. शेवटच्या वाक्यात मात्र "उभी राहून" आणि "असे करीत असतात" यांनी पोरांना उगीच थोपवून धरले आहे. मोठ्याने वाचून पाहा, तुझाच दम कुठे अडतो ते कळेल.

माशेलचा पोर

वाचून पाहिले. आता असे केले आहे:

"आषाढी एकादशीच्या दुसऱ्या दिवशी माशेलला देवकीकृष्णाच्या देवळापुढच्या मैदानात पाय ठेवला की चिखल घोट्याच्या वर येतो. आत भजन संपत आलेले असते. अंगाला तेल चोपडलेल्या पोरांचे डोळे टाळकऱ्यांच्या हातांकडे लागलेले असतात."

पहिली दोन वाक्ये काढली तर लेख एकदम सुरू झाल्यासारखा वाटतो. गोव्याबाहेरच्या वाचकाला माशेल कुठे हे तरी सांगायला नको का?

खाजनकाठ

सांग, पण पुढे, पोरे एकदा चिखलात उतरली की. फोंडा तालुक्यात आहे एवढे एका उपवाक्यात बसेल. मला दुसरेच विचारायचे आहे. तेल कोण आणतो? देवस्थान देते, की ज्याचा तो घरून घेऊन येतो, की कोणाचा तसा मान आहे? चोपडून कोण देतो? हे तुला ठाऊक असेल तर तिथेच लिही. नसेल तर भजनीमंडळींतल्या कोणा जाणत्याला गाठ आणि विचारून ये, आम्ही थांबतो.